सायगांच्या वाटेवरची भिंत

अक्शोकी हवामान केंद्र, उस्त्युर्त पठार
१२ एप्रिल १९९२

तिलेगेन,

तुला आणि घरच्या सगळ्यांना सलाम. तुझं पत्र मालगाडीच्या गार्डाने आणून दिलं, चहाची पुडीही पोचली. पत्रात खुशालीच्या दोन ओळी आणि सायगा हरणांबद्दल दोन पानं प्रश्न! एवढं तू बायकोलाही कधी विचारलं नसशील.

तर ऐक. कळप यंदा मार्चच्या शेवटी उत्तरेला गेला. मी सकाळचं तापमान नोंदवायला बाहेर आले तर सगळा माळ हलत होता. ती लोंबती नाकं जमिनीला लावून, घशातून घरघर करत चालली होती. मी आमच्या ह्यांना, सार्सेनला, हाक मारली. तुझे जेझदे तोंडाला दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले. दोघंही बघत राहिलो आणि नोंद अर्धा तास उशिरा झाली. नुकुसला आमच्या कार्यालयात कुणाला सांगू नकोस.

अरानपाशी कळप काय करतो, हे तू विचारलंस. सापळ्याच्या त्या जुन्या दगडी भिंतींत आता राहिलंय काय? कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे नुसती दगडांची रेघ. बकरीचं पिल्लू उडी मारून जाईल. पण सायगा जात नाही. भिंत आडवी आली की तो तिच्या कडेकडेने चालतो. वसंतात कळप दक्षिणेकडून येतो, म्हणून बाहेरून वळसा घालतो. शरदात उलटा येतो तेव्हा मात्र दोन भिंतींच्या मधूनच आत शिरतो आणि टोकाला जिथे भिंत ढासळलीय त्या फटीतून बाहेर पडतो. दर वर्षी. मी चोवीस वर्षं बघतेय.

आपले म्हातारे मेंढपाळ शोमान अता म्हणतात, सायगांच्या आज्या-पणज्यांनी त्यांना ही वाट शिकवलीय. अता आता एवढे थकलेत की उंटावर चढवायला दोघं लागतात, पण जीभ तशीच आहे. म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, दगडांना काय विचारतोस, हरणांना विचार."

आईच्या वर्षाच्या जेवणाला तू आला नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, काम होतं. काम होतं ना?

तुझी आपा,
उल्बोसिन

*

नुकुस
३ मे १९९२

प्रिय आपा,

काम होतं, खरंच होतं. आमच्या पुरातत्त्व संस्थेत सहा महिने पगार नाही. अर्धे लोक बाजारात सिगारेटी विकायला बसलेत. मी एकटा खोलीत नकाशे काढतोय. माझ्यावर रागावू नकोस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. आपा, तुला कल्पना नाही तू काय लिहिलंयस! आम्ही विमानातून काढलेल्या फोटोंत अरानचा आकार बघतो: दूरवर पसरलेल्या दोन भिंती, जवळ जवळ येत एका मोठ्या आवारात मिळणाऱ्या, आणि आवाराच्या टोकाला खड्डे. सगळे म्हणतात, हा सापळा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा, मेंढपाळांनी बांधलेला. मी म्हणतो, मेंढपाळांनी तो फक्त वापरला. पाया त्यांचा नाही. त्याखाली दगडी हत्यारांचे लोक आहेत. ज्यांच्याकडे घोडा नव्हता, कुत्रा असेल-नसेल, ते धावून सायगाला कधीच पकडू शकले नसते. म्हणून ते आधी त्याच्याकडे नीट बघायला शिकले. तो कशाला घाबरतो, कुठे वळतो, कुठे थांबतो. भिंत नंतर आली. तू चोवीस वर्षं जे केलंस तेच त्यांनी केलं.

एकदा खड्डा तळापर्यंत खणू दे, मग बघतो कोण हसतं.

सोबत नकाशा पाठवतोय. कळप कुठून येतो, कुठे पाणी पितो, साधारण कुठल्या तारखांना, ते सगळं पेन्सिलने लिही. तुझ्याच शब्दांत. संस्थेला कसाबसा एक ट्रक मिळालाय. जूनमध्ये येतो. माझ्यासाठी शुबात आंबवून ठेव. इथे मिळणारं उंटिणीचं दूध पाणीच असतं.

तुझा तिलेगेन

*

अक्शोकी
२० जुलै १९९२

तिलेगेन,

तुम्ही गेल्यापासून घर ओकंबोकं झालंय. दोघी मुली अजून अंगणात खड्डा खणतात आणि त्यातून उंटाचा दात निघाला की "तिलेगेन मामाला कळवा!" म्हणून ओरडतात. 

तू शेवटच्या दिवशी खड्ड्याच्या तळातून ते गारगोटीचं बाणाचं टोक काढलंस आणि माझ्या तळहातावर ठेवलंस. पानासारखं पातळ होतं. कुणीतरी उन्हात बसून, जीभ दाताखाली धरून ते घडवलं असेल. तू लहानपणी सागरगोट्या घासायचास तसं.

खालच्या थरात नुसती शिंगवाल्या नरांची हाडं आणि वरच्या थरात माद्या-पिल्लं सगळंच, हे तू दाखवलंस. जुन्या लोकांना कुठे थांबायचं ते माहीत होतं असं म्हणत तू हातातलं हाड अलगद परत जागेवर ठेवलंस. मला तो तिलेगेन फार दिवसांनी दिसला.

आणि खोदकामात सापडलेल्या त्या जुन्या चुलींचं म्हणशील तर मी जेवताना सांगितलं ते विसरू नकोस. तुम्ही चुली सगळ्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात का, म्हणून डोकं खाजवत होता. माझी वही बघ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे वारा ईशान्येकडून येतो, तीस वर्षांच्या नोंदी आहेत. कळप उत्तरेकडून येणार. नैर्ऋत्येला बसलं की धूर आणि माणसाचा वास कळपाकडे जातच नाही. एवढं तर कुठल्याही मेंढपाळाच्या बायकोला कळेल.

आता एक विचारते. तुझा तो ट्रकवाला झोल्दास, तो संस्थेत नक्की काय करतो? सार्सेनला विचारत होता, केंद्रात बंदूक आहे का, शिकारबंदीचा निरीक्षक किती दिवसांनी फिरकतो. खोदकामाला निरीक्षकाचं काय? माणूस गोड बोलतो. मुलींना मिठाई दिली. पण चहा पिताना पाठ कधी दाराकडे करत नाही.

उल्बोसिन

*

नुकुस
१५ ऑगस्ट १९९२

प्रिय आपा,

वाऱ्याचं लक्षात आहे. लेखात घातलंय.

झोल्दासची काळजी करू नकोस. तो संस्थेचं सामान बघतो. डिझेल, टायर, पीठ, सगळं तोच आणतो. असल्या दिवसांत असा माणूस हवाच. सगळीकडे चौकशी करायची त्याला सवय आहे.

आता माझं एक काम. आपण जूनमध्ये डाव्या भिंतीचा शंभर पावलांचा तुकडा मूळ उंचीला रचून पाहिला, आठवतं? मला सगळा अरान तसा हवाय. दोन्ही भिंती निदान कमरेपर्यंत, आणि टोकाची फट बुजवलेली. खड्डे तर आपण मोकळे केलेच आहेत. शरदात कळप येईल तेव्हा तो पूर्ण भिंतीपाशी कसा वागतो, हे मी आणि तू बसून बघू. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, त्या जुन्या लोकांच्याच चुलीपाशी! कळप आत आला की आपण फट उघडून देऊ. जगात कुणी असं केलेलं नाही, आपा.

जेझदेंना म्हणावं, मोठे दगड पाठीवर घेऊ नका. झोल्दास दोन माणसं आणि मालमोटार पाठवेल.

आणि हे कुणाजवळ बोलू नकोस. खजिना शोधणारे लोक सुटलेत हल्ली.

तुझा तिलेगेन

*

अक्शोकी
२ ऑक्टोबर १९९२

तिलेगेन,

झाला बाबा तुझा अरान.

सार्सेनची कंबर गेलीय, मोठीच्या बोटाचं नख गेलंय आणि माझे हात बघशील तर आईचे हात म्हणशील. पण भिंत उभी राहिली. काल संध्याकाळी चौघं टेकाडावर चढून बघत होतो. एवढी वर्षं मी तिथे दगड पडलेले बघत होते, काल पहिल्यांदा मला तिचा आकार दिसला. सार्सेन म्हणाले, "कुणी आपल्यालाच हाकत नेलं तर आपणही आतच जाऊ."

शोमान अता मात्र रागावलेत. उंटावरून उतरलेही नाहीत. म्हणाले, "फट कुणी बुजवली?" मी म्हणाले, "तिलेगेनने सांगितलं, बघून झालं की उघडायची." तर म्हणतात, "माझ्या आजोबांनी ती फट पाडली होती. वाईट वर्ष होतं ते. कळप सगळाच्या सगळा खड्ड्यांत गेला, मग तीन हिवाळे एकही सायगा आला नाही. लोक उपाशी मेले. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी भिंत फोडली." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. मला वाटलं, तुम्हाला दगडात वाचता आलं असेल."

हे तुझ्या लेखात घाल.

उत्तरेच्या केंद्रांवरून बिनतारी निरोप आहे, कळप निघालाय, यंदा लवकर. तू केव्हा येतोस? बसायला जुन्या गालिच्याचा तुकडा काढून ठेवलाय. थर्मास भरून देईन. लहानपणी आपण छतावर बसून बगळे मोजायचो तसं बसू.

उल्बोसिन

*

नुकुस
२८ ऑक्टोबर १९९२

प्रिय आपा,

घाईत लिहितोय. मला ताप आहे, येणं जमत नाही. झोल्दास आणि त्याची माणसं येतील, ते कळपाचे फोटो काढतील, सगळं त्यांना समजावून सांगितलंय. त्यांना चहा-जेवण दे.

जेझदेंना त्या दिवशी केंद्रातच थांबव. माणसांची ये-जा झाली तर कळप बुजेल. तूही जाऊ नकोस. फट ते उघडतील.

रागावू नकोस.

तिलेगेन

*

अक्शोकी
१६ नोव्हेंबर १९९२

तिलेगेन,

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

ते ९ तारखेला सकाळी आले. दोन ट्रक आणि पाच मोटारसायकली. मी विचारलं, "फोटो काढायला एवढ्या मोटारसायकली?" झोल्दास हसला. "आपा, हरणं दूर असतात ना." मला आपा म्हणाला. मी त्यांना पाव, लोणी, गरम सूप वाढलं. धाकटीने हातांवर पाणी घातलं. एकाने तिला म्हटलं, मोठी झालीस की तुला नुकुसला नेऊ. सगळे हसले, मीसुद्धा. 

मग ते गेले. मी सार्सेनला म्हणाले, बाहेर पडू नका, तिलेगेनने सांगितलंय. ते खिडकीशी उभे राहिले. थोड्या वेळाने उत्तरेकडून मोटारसायकलींचा आवाज यायला लागला. एका ओळीत, पसरून. सार्सेन म्हणाले, "ही माणसं फोटो काढत नाहीत. ही हाकताहेत." आणि टोपी न घालताच धावले. मी मुलींना आत कोंडलं आणि मागे गेले.

तिलेगेन, कळप भिंतीपाशी आला आणि वळला. मी बांधलेल्या भिंतीपाशी. कमरेएवढ्या. एकानेही उडी मारली नाही. मला वाटत होतं, एक तरी मारेल, मी मोठ्याने ओरडत होते. मागून मोटारसायकली आणि दोन्ही बाजूंना आमचे दगड. आवारात एवढी गर्दी झाली की हरणं उभ्या-उभ्या चिरडली गेली. मग टोकाला. तू तळापर्यंत मोकळे केलेले खड्डे. खाली माणसं दांडकी घेऊन तयार होती. कुठे बसली होती माहितेय? नैर्ऋत्येला.

त्यांना नुसती शिंगं हवी होती. करवतीने कापत होते. नर अजून पाय झाडत असतानाच. माद्या, या वर्षीची पिल्लं, सगळी खाली दबून मेली, त्यांना कुणी हातही लावला नाही. सार्सेन फटीच्या जागी गेले आणि दगड ओढायला लागले. मीही गेले. आम्ही चार दगड काढले असतील. एका माणसाने सार्सेनच्या हातावर फावडं घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी झोल्दासची कॉलर धरली. म्हणाले, "माझ्या भावाला कळलं तर तुला सोडणार नाही." तो चिडलाही नाही. कोटातून नकाशा काढला, उलगडला आणि माझ्यासमोर धरला. "बाई, आम्हाला काय स्वप्न पडलं होतं का ही जागा?" 

माझं अक्षर होतं, तिलेगेन. पेन्सिलचं. 'इथे पाणी पितात.' 'इथे पिल्लं मागे राहतात, सावकाश चालतात.' हे मी तुझ्यासाठी लिहिलं होतं.

ते दुपारी गेले. गिधाडं अजून आहेत. वाऱ्याबरोबर वास येतो. मी रोजचा वारा नोंदवते आणि आज तो कुठून आहे हे मला वहीशिवाय कळतं.

रेल्वेच्या थांब्यावरच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. भिंत कुणी रचली हे सगळ्यांनी पाहिलंय. जेवायला कुणी घातलं हेही.

आपल्या आईला सहा मुली झाल्यावर तिने माझं नाव उल्बोसिन ठेवलं, पुढचा मुलगा होऊ दे म्हणून. आणि तू झालास. जन्मभर मी नावानेच तुला मागत आले. म्हणून एकदा विचारते. त्याने नकाशा चोरला असं लिही. चोरला असेल तर मी विश्वास ठेवीन.

उल्बोसिन

*

नुकुस
५ डिसेंबर १९९२

आपा,

चोरला नाही. मी दिला.

संस्थेकडे कधीच ट्रक नव्हता. झोल्दासने ट्रक दिला, डिझेल दिलं, मजुरांचं जेवण दिलं. सरहद्दीपलीकडे औषधासाठी ही शिंगं जातात, हे मला माहीत होतं. पण तो म्हणाला होता, थोडे म्हातारे नर, बाकी सोडून देऊ. मी त्याला हाडांचे थर दाखवले होते, आपा. जुने लोक कसे थांबायचे ते समजावलं होतं. त्याने सगळं ऐकून मान डोलावली होती. मला खरंच वाटलं, त्याला पटलंय.

मग त्याला अख्खी भिंत हवी झाली. मी नाही म्हणालो असतो तर खोदकाम अर्धवट राहिलं असतं. खड्डा बुजला असता, पुढची वीस वर्षं कुणी तिकडे फिरकलं नसतं, आणि ते लोक कोण होते हे कुणालाच कळलं नसतं. मी स्वतःला सांगितलं, हरणं काय, पुन्हा येतील. 

तापाचं खोटं होतं. मला बघवलं नसतं.

अल्माटीच्या परिषदेत माझा लेख वाचला गेला. चुलींच्या आणि वाऱ्याच्या मुद्द्यावर सगळे उठून उभे राहिले. शेवटी आभारात तुझं नाव घातलंय: 'स्थानिक रहिवासी उ. सार्सेनबायेवा यांचे सहकार्य.' 

जेझदेंच्या हाताला नुकुसचा डॉक्टर बघेल, मी व्यवस्था करतो. झोल्दास मोठ्या लोकांचा माणूस आहे. आपा, कुठे काही बोलू नकोस. तुमच्याच जिवाला धोका आहे. आणि माझी नोकरी जाईल. मुलगी अजून शाळेत आहे.

मला क्षमा कर. 

तिलेगेन

*

अक्शोकी
१९ जानेवारी १९९३

तिलेगेन,

सार्सेनचा हात थांब्यावरच्या कंपाउंडरने बांधला. वाकडा जुळलाय, पण पेन्सिल धरता येते. डॉक्टरची व्यवस्था करू नकोस.

तुझं पत्र मी महिनाभर पेटीत ठेवलं. तू फसवलंस ते झोल्दासला नाही, निरीक्षकाला नाही. तू निवडलंस मला. कारण मी प्रश्न विचारल्यावर तू एक ओळ लिहिलीस की मी गप्प होते, हे तुला ठाऊक होतं. सायगा कुठे वळतो ते मी तुला शिकवलं. मी कुठे वळते ते तुला आधीपासून येत होतं.

आभाराचा कागद पोचला. माझं आडनाव चुकलंय.

भिंत आम्ही पाडली. बर्फ पडायच्या आत. पहिल्या दिवशी मी आणि दोघी मुलीच होतो, सार्सेन एका हाताने. तिसऱ्या दिवशी शोमान अतांना त्यांच्या सुनांनी उंटावरून आणलं. ते खाली बसले आणि हात पुरेल तेवढे छोटे दगड बाजूला टाकत राहिले. मग थांब्यावरच्या बायका आल्या. बोलल्या नाहीत, पण आल्या. मी पाया मात्र उचलू दिला नाही. त्या खालच्या रांगेला कुणी हात लावायचा नाही म्हणाले. ते दगड ज्यांचे आहेत त्यांनी मला काही खोटं सांगितलेलं नाही.

तुझे खड्डेही बुजवले. हाडांवरच. वर परत कुणी खणायला आलं तर त्याला आधी या वर्षीचा थर लागेल. माद्या आणि पिल्लं. तो काय अर्थ लावायचा तो लावेल.

दहा दिवसांपूर्वी शिकारबंदीचा निरीक्षक आला. नवा आहे, तरुण आहे, बूट फाटलेत. त्याला ट्रकचे नंबर हवे होते, ते सार्सेनने लिहून ठेवलेच होते, आम्ही नोंदी ठेवणारी माणसं. मग त्याने विचारलं, यांना जागा आणि तारखा कुणी सांगितल्या?

मी पेटी उघडली. तुझी सगळी पत्रं दिली. मेचं, ऑगस्टचं, तापाचं, आणि डिसेंबरचं. माझा नकाशा झोल्दासकडे आहे, पण त्यावरचं अक्षर माझं आहे हे मी लिहून दिलंय. शिक्षा मला झाली तर मी भोगीन, भिंत मी बांधली. धोक्याचं म्हणशील तर ते फावडं सार्सेनच्या हातावर पडलं तेव्हाच कळलं.

खटला नुकुसला चालेल. तुला कागद येईल. तो येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी तुझ्या पाठीमागे काही केलं नाही, एवढं तुझ्या मुलीला सांग.

निरीक्षक जबाब लिहून घेत होता. पत्रं चाळून म्हणाला, "आजी, हा तिलेगेन तुमचा कोण? लिहावं लागतं." सार्सेन माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मी म्हणेन, कुणी नाही.

मी म्हणाले, "लिहा. माझा भाऊ."

त्याने लिहिलं. मी खाली सही केली.

उल्बोसिन